माझ्या डोक्यातले सोळा लाल टिपके

चहा आधी हातात घ्या, मग सांगते. आणि हसायचं ते मनातल्या मनात हसा हं, कारण ही फजिती आठवली की अजून माझे कान गरम होतात. आमच्या शाळेत तर कुणाला बोलूच नका. अर्थात बोललात तरी काय फरक पडणार म्हणा! बारा पोरी साक्षीला होत्या, आणि बारा पोरी म्हणजे बाराशे तोंडं.

मी सोलापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य कुठलं असेल, सांगा बघू? म्हण नाही, सुविचार नाही. "लक्ष कुठंय तुझं?" बस्स, एवढंच. झोपेतसुद्धा म्हणते, असं आमचे मिस्टर सांगतात.

दुसऱ्या नंबरचं वाक्य जरा गुपित आहे. शिक्षक माणूस घराबाहेर पडला की पाच मिनिटांत कुणीतरी समोर येतंच. नवी पेठेत साड्या बघत उभी असते आणि मागून आवाज येतो, "मॅडम, ओळखलंत का?" आता सव्वीस वर्षांत किती पोरी हाताखालून गेल्या! त्यांची लग्नं झाली, चष्मे लागले, पदराला लेकरं आली. ओळखायचं कसं? आणि नाही म्हणावं तर पोरीचं तोंड एवढंसं होतं. म्हणून मी एक उत्तर तयारच ठेवलंय. "अगं, न ओळखायला काय झालं! अक्षर तेवढं सुधारलं का?" हमखास लागू पडतं. कारण आमच्या शाळेत चांगलं अक्षर कुणाचंच नव्हतं!

तर गेल्या वर्षापर्यंत सगळं ठीक होतं. मग एके दिवशी नववीची हजेरी घेताना मी न बघता सलग सात नावं घेतली आणि एकही "हजर" आलं नाही. मान वर करून बघते तर पोरी एकमेकींना कोपरं मारतायत. मी मागच्या वर्षीच्या वर्गाची हजेरी तोंडपाठ म्हणत होते! पोरी हसल्या, मीही हसले. पण पुढची नावं मी वहीत बोट ठेवून वाचली.

कारण माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. ती वैरागला आक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे असायची. आधी नावं गेली, मग वार गेले, शेवटी माणसंच गेली. मला आता बावन्नावं लागलंय. त्या हजेरीपासून मी काय काय विसरते ते मनात मोजायला लागले, आणि मोजता मोजता तो आकडाही विसरायला लागले.

अशातच मुख्याध्यापकांनी एक काम गळ्यात घातलं. गावातल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांच्या स्मरणशक्तीवर संशोधन चाललं होतं. त्यांना आमच्या नववीतल्या बारा मुली हव्या होत्या. तिथल्या एक बाई स्टाफरूममध्ये येऊन मला सगळं समजावूनही गेल्या. माझं पेपर तपासणं चाललं होतं, पण मुद्द्याचं तेवढं मी टिपून घेतलं.

प्रकार दोन होते. कॉलेजच्या मोठ्या मुलांच्या कपाळावर ओल्या स्पंजच्या दोन पट्ट्या ठेवून अगदी हलका करंट द्यायचा, मुंगी चालल्यासारखा, आणि त्यांच्याकडून शब्द पाठ करून घ्यायचे. शाळेच्या पोरींना मात्र करंट नाही. त्यांना नुसती टोपी. ती टोपी मेंदूच्या लहरी टिपते आणि समोरच्या पडद्यावर एक फुगा असतो. लक्ष लागलं की फुगा वर, भरकटलं की खाली. असा सराव करून पाठांतर सुधारतं का, ते बघायचं. "सुधारतंच असं नाही हं, तेच तर तपासतोय," असं त्या बाईंनी दोनदा बजावलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला पाहिजे तेवढंच ऐकू येतं. मला ऐकू आलं ते असं, की डोक्याला काहीतरी लावतात आणि आठवण वाढते.

मग पालकसभा घेतली. त्या बारा मुलींतल्या रेश्माची आई कुंभारीहून आली होती. ती उभी राहिली.

"जयभीम मॅडम. एक इचारू का? पोरींच्या डोस्क्याला करंट देनार म्हनं?"

"करंट नाही हो. नुसती टोपी."

"मग टोपीला वायरी कशाला?"

टोपीचं चित्र काढून दाखवावं म्हणून मी फळ्याकडे वळले, तर ती पुढं बोललीच.

"लाइटीच्या वायरीला हात लावू नगं म्हनून आमी पोरींवर लहानपनापास्नं वरडतो. आन तुमी त्या डोस्क्यालाच गुंडाळनार व्हय?"

सगळ्या बायांनी माना डोलावल्या. बाराच्या बारा पोरी हातातून निघाल्याच होत्या. तेवढ्यात रेश्माची आईच म्हणाली, "तुमी बसनार का आदी?"

"बसते की!"

बायांना वाटलं, काय धीराच्या मॅडम आहेत! खरं सांगू का? मला तेच हवं होतं. टोपीत माझं डोकं कसं चाललंय ते कळेल, आणि जमलंच तर त्या बाईंना हळूच बाजूला घेऊन म्हणता येईल, तो मुंगीवाला करंट माझ्याही कपाळाला मिळतो का बघा.

पोरींना मी फळ्यावर सात सूचना लिहून दिल्या. नाश्ता करून यावे, पाण्याची बाटली आणावी, ओळखपत्र विसरू नये, वगैरे. वहीत उतरवून घ्यायला लावल्या, खाली पालकांच्या सह्या आणायला लावल्या. शिस्तीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

आदल्या रविवारी आक्काला फोन केला. "उद्या यंत्रावर डोकं तपासायचंय गं."

"आगं मग तसंच जाऊ नगंस! म्या माक्याचं तेल दिलंय न्हवं तुला, ब्राह्मी घालून काढल्यालं? ते जिरव चांगलं. मेंदूला लई बरं आस्तंय. आईला येळंवर लावलं आस्तं तर..."

फोन ठेवला, शिकेकाईनं न्हायले, केस वाळवले आणि वाटीभर तेल डोक्यात जिरवलं. सोमवारी निघताना आणखी थोडं. अंबाडा असा चापूनचोपून बसला म्हणता, एक केस जागचा हलायला तयार नाही!

कॉलेजात पोचलो. दारातच पांढऱ्या कोटातली, चष्मेवाली, तिशीची मुलगी उभी. कोटावर नाव, डॉ. अनुषा. मला बघून हसली आणि म्हणाली, "मॅडम, ओळखलंत का?"

झालं! इथेसुद्धा!

"अगं, न ओळखायला काय झालं! अक्षर तेवढं सुधारलं का?"

ती क्षणभर गोंधळली, मग म्हणाली, "डॉक्टरचं अक्षर कुठलं सुधारतंय मॅडम!"

बघा, लागू पडलं की नाही? मला तर चेवच चढला. मी पोरींकडे वळले. "बघा गं, ही आपल्या शाळेची मुलगी! तिसऱ्या बाकावर बसायची. लक्ष द्यायची, म्हणून आज डॉक्टर आहे!" अनुषानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "लाजू नकोस गं, गुणांचं कौतुक करायलाच पाहिजे." पोरींनी टाळ्या वाजवल्या.

मग मला खुर्चीत बसवलं आणि टोपी घातली. पडद्यावर डोक्याचं चित्र आणि त्यावर सोळा टिपके, सगळे लाल. खाली जमिनीवर एक निळा फुगा.

"हे टिपके एकेक करून हिरवे होतील मॅडम. मग तुमच्या मेंदूचं आपल्याला कळायला लागेल."

मी वाट बघतेय. एक टिपका हिरवा होईल तर शपथ! अनुषानं टोपी इकडे दाबली, तिकडे सरकवली.

"मॅडम, केस धुतलेत ना?"

"म्हणजे काय! कालच न्हायलेय."

"केसांना काही लावलंय का?"

आता तुम्हीच सांगा. बारा पोरी मागे उभ्या. त्यांच्या मते मॅडमचे केस बावन्नाव्या वर्षीही उपजतच काळेभोर आहेत. मी कलप लावते हे आमच्या मिस्टरांशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि गेल्या शनिवारीच लावलेला. आणि ही सगळ्या पोरींसमोर विचारतेय, काही लावलंय का!

"छे! काही म्हणजे काही नाही!" मी ठणकावून सांगितलं.

आणि तेल म्हणाल, तर तेल म्हणजे काय "काही लावणं" असतं होय? तेल आपलं असतंच. काय जेवलात असं विचारल्यावर मीठ खाल्लं म्हणून कुणी सांगतं का?

अनुषानं माझ्याकडे बघितलं, नाक जरासं ओढलं आणि पुन्हा वायरींशी झटायला लागली. मी आपली लक्ष एकाग्र करतेय. सतराचा पाढा म्हटला, फुगा जमिनीवर. बाराखडी म्हटली, फुगा जमिनीवर. मुख्याध्यापकांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, तरी फुगा काही हलेना.

"काहीच सिग्नल येत नाहीये," अनुषा स्वतःशीच पुटपुटली.

मी टोपी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली. "मशीन बिघडलं असेल गं."

"बघू या. रेश्मा, तू ये."

रेश्मा म्हणजे वर्गात सदैव खिडकीबाहेर बघणारी मुलगी. दिवसाला तीनदा तरी मी तिला लक्ष कुठंय म्हणून विचारते. तिच्या डोक्यावर टोपी बसली आणि सोळाच्या सोळा टिपके पटापट हिरवे! फुगा असा सुटला की थेट पडद्याच्या छताला जाऊन टेकला. पोरी ओरडायला लागल्या.

"मशीन ठीक आहे," अनुषा म्हणाली.

मशीन ठीक आहे! मग बिघडलं कोण? खोलीत दुसरं राहिलं होतं कोण?

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा हं. आपण नंतर पुन्हा बघू," ती हळू आवाजात म्हणाली. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आईला दाखवायला नेलं होतं तेव्हा तिथले डॉक्टरही याच आवाजात म्हणाले होते, तुम्ही जरा बाहेर बसा.

व्हरांड्यात बाकावर बसले. आई शेवटच्या वर्षात घरी कुणीही आलं की म्हणायची, "वळकलं की! न वळकायला काय झालं?" आम्हाला वाटायचं, ओळखतेय. मग एकदा मी वैरागला गेले, तिच्यापुढं बसले, तिचा हात हातात घेतला. माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "वळकलं की बाई. बसा, च्या ठेवते." तेव्हा कळलं, हे ती सगळ्यांनाच म्हणत होती. आणि मी? मी नवी पेठेत उभी राहून काय म्हणते दुसरं?

रडू आवरेना. मिस्टरांना फोन लावला. ते यंत्रमाग दुरुस्त करतात. मागं खडखडाट चालू होता.

"अहो, माझं डोकं बंद पडलंय."

एरवी या वाक्यावर हा माणूस आठवडाभर हसला असता. पण त्यांनी कुणाला तरी माग थांबवायला सांगितलं. सगळं एकदम शांत झालं.

"कोन म्हन्लं?"

"मशीन. सोळाच्या सोळा लाल आले."

"तितंच बसून ऱ्हा. येतो मी. आन हे बघ, माग उभा ऱ्हायला म्हनून माग मोडला आसं न्हाय. आदी धागा तुटलाय का बघायचं आस्तंय."

बोलले धीराचं, पण एकदाही हसले नाहीत. तेव्हा मात्र मी पुरती घाबरले. हा माणूस चेष्टा करत नाहीये म्हणजे संपलंच की सगळं!

म्हटलं, स्वतःची परीक्षा घेऊन बघू. आत असलेल्या बारा पोरींची नावं बोटांवर मोजायला लागले. अकरा आली. बारावी काही केल्या येईना. अकरा वेळा तरी मोजली असतील. डोळे पुसून वर बघते तर ती बारावी वही छातीशी धरून समोर उभी. रेश्मा!

"मॅडम, एक सांगू का? रागावनार न्हाई ना?"

"सांग बाळा."

सव्वीस वर्षांत मी वर्गात कुणाला बाळा म्हटलेलं नाही. यावरून काय ते समजा.

तिनं वही उघडली आणि धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचलं. "सूचना क्रमांक पाच. केस धुऊन यावे. केसांना तेलाचा थेंबही लावू नये. तेल असल्यास टोपीला मेंदूचे काहीही कळणार नाही." मग मान वर करून म्हणाली, "तुमी खाली दोन रेगा मारल्या हुत्या मॅडम. आन म्हन्ला हुता, जी तेल लावून येईल तिला वर्गाभायेर काढीन."

मी वर्गाबाहेरच बसले होते की!

"तुमच्या मानेवरनं तेलाचा वघळ आलाय मॅडम," रेश्मा आता हळू आवाजात म्हणाली.

मानेला हात लावला तर बोटं माखली. आता पोरींना दिलेल्या सूचना आपल्यालाही लागू असतात हे कुठल्या शिक्षकाला आठवतं, सांगा! पण खरं सांगते, त्या क्षणी लाज नाही वाटली. त्या पोरीला उचलून नाचावंसं वाटलं. मेंदू आहे! तेलाखाली आहे, पण आहे!

मग काय, कॉलेजच्या आवारातल्या नळाखाली माझी रवानगी. पोरींनी समोरच्या दुकानातून शाम्पूच्या पुड्या आणल्या. तीन पुड्या झाल्या तरी फेस धरेना, आक्कानं तेल तसं इमानदारीनं काढलेलं! एक पोरगी पाणी ओतता ओतता म्हणाली, "मॅडम, पानी काळं का येतंय?"

"धूळ गं! सोलापूरची धूळ!"

तेवढ्यात मिस्टर पोचले. घामानं भिजलेले, शर्टाची बटणं वरखाली. बायको नळाखाली वाकलेली, भोवती बारा पोरी.

"डोस्कं बंद पडलं म्हन्ली हुतीस. हितं तर आंघोळ चालूय!"

"तेल होतं हो! नुसतं तेल!"

ते मटकन पायरीवरच बसले. उपरण्यानं तोंड पुसत राहिले.

सोलापूरचं ऊन ते, दहा मिनिटांत केस खडखडीत वाळले. पुन्हा खुर्ची, पुन्हा टोपी. एक हिरवा, दोन हिरवे, पाच, नऊ, सोळा! सगळे हिरवे! आणि तो निळा फुगा हळूहळू उठला आणि डुलत डुलत वर निघाला. मागं मिस्टर कुणाला तरी सांगत होते, "धागाच हुता. म्या म्हन्लंच हुतं."

"ही टोपी आजार वगैरे सांगत नाही हं मॅडम," अनुषा म्हणाली. "विसरण्याची काळजी वाटत असेल तर एकदा डॉक्टरांना नीट दाखवून घ्या. पण लक्ष मात्र मस्त लागतंय तुमचं!"

फुगा छताला टेकलेला. मला तर आकाश ठेंगणं झालं. इथं गप्प बसावं की नाही माणसानं? पण नाही! टोपी डोक्यावर तशीच ठेवून मी म्हटलं, "बघा पोरींनो, शेवटी आपल्याच शाळेच्या मुलीनं निदान केलं! अनुषा, कुठल्या साली होतीस गं तू माझ्या वर्गात?"

अनुषानं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, मी तुमच्या शाळेत नव्हते कधी. मी तेलुगू शाळेत शिकले."

"मग... ओळखलंत का म्हणालीस ते?"

"मागच्या सोमवारी मी तुमच्या स्टाफरूममध्ये तासभर बसले होते की! तुमच्या समोरच्याच खुर्चीत. त्या सातही सूचना मीच सांगितल्या. तुम्ही पेपर तपासत तपासत लिहून घेतल्या. मान तेवढी वर केली नाहीत."

"अहो, मग सकाळीच नाही का सांगायचं?" माझं तूचं तुम्ही कधी झालं, मलाच कळलं नाही.

"कसं सांगणार मॅडम? सगळ्यांसमोर तुम्ही मला तिसऱ्या बाकावर बसवलंत. उठणार कशी? तेलाचा वाससुद्धा आला होता मला, पण तुम्ही काही नाही म्हणालात. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

आणि टोपी, बरं का, अजून माझ्या डोक्यावरच होती. छताला टेकलेला तो निळा फुगा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुटला आणि थेट जमिनीवर आला.

मग मागच्या रांगेतून रेश्माचा आवाज आला, अगदी माझ्याच सुरात.

"मॅडम, लक्ष कुटंय तुमचं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सव्वीस वर्षं हा प्रश्न विचारतेय, पण त्याला पोरींकडे उत्तर का नसतं, ते मला त्या दिवशी कळलं.